एचपीएमसी, सीएमसी पाण्यात नीट कसं विरघळवायचं: लॅबमध्ये नव्यानं आलेल्यांसाठी

बी.फार्म, बीएस्सी नाहीतर परभणीहून फूड टेक करून जी पोरं-पोरी वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांत लागतात त्यांच्या हातात लवकरच एचपीएमसी नाहीतर सीएमसी नावाची, सेल्युलोजपासून केलेली आणि पाणी घट्ट करणारी एक पांढरी, वास नसलेली भुकटी येते आणि सांगितलं जातं की याचं दोन टक्के सोल्यूशन बनवून ठेव. ऐकायला लई सोपं वाटतं. पाणी घेतलं, भुकटी टाकली, स्टरर लावला, आणि अर्ध्या तासानं बघावं तर बीकरमध्ये गोळेच गोळे, स्टररच्या दांड्याला चिकट लगदा आणि खाली पाणी तसंच पातळ. मग स्पीड वाढवतात, गरम करतात, आणि काम अजूनच बिघडतं. माझं म्हणणं एवढंच आहे की या कामात भुकटीकडं कमी आणि पाण्याकडं जास्त बघायचं. पाणी किती गरम आहे, त्यात काय विरघळलेलं आहे, ते कणापर्यंत कसं पोचायलंय आणि त्याला किती वेळ दिलाय, हे चार प्रश्न सुटले की बाकी सगळं आपोआप जमतं.

आधी थोडं कारण समजून घ्या

सेलू-मानवतच्या जिनिंगमधून निघालेला कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. सरकीला जे बारीक आखूड तंतू चिकटून राहतात, ज्याला लिंटर म्हणतात, त्याच्यापासूनच या भुकटीचे जास्त व्हिस्कॉसिटीचे (म्हणजे जास्त घट्टपणा देणारे) बरेच ग्रेड बनतात, काही लाकडाच्या पल्पपासूनही बनतात. कापूस पाणी पितो, फुगतो, पण विरघळत मात्र नाही. आता गंमत अशी की सेल्युलोजची साखळी ग्लुकोजच्या कड्यांची असते आणि प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, म्हणजे पाण्याशी जुळायला जागा भरपूर, तरी विरघळत नाही, काहून? कारण त्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट लागून बसलेल्या असतात, हायड्रोजन बंधांनी आणि कड्यांच्या एकमेकींवर रचण्यानं, की पाण्याला आत शिरायलाच वाव राहत नाही.

म्हणून कारखान्यात कॉस्टिक सोड्यानं सेल्युलोज फुगवतात आणि त्या हायड्रॉक्सिलवर दुसरे गट बसवतात. मिथाइल क्लोराइड वापरलं की मिथाइल सेल्युलोज म्हणजे एमसी, त्याच्यासोबत प्रोपिलीन ऑक्साइड घेतलं की हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइल सेल्युलोज म्हणजे एचपीएमसी, नुसतं प्रोपिलीन ऑक्साइड घेतलं तर हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज म्हणजे एचपीसी, इथिलीन ऑक्साइड घेतलं तर हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज म्हणजे एचईसी आणि मोनोक्लोरोअॅसिटेट घेतलं की कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज म्हणजे सीएमसी. हे गट मध्ये आले की साखळ्यांना पहिल्यासारखं दाटीनं बसता येत नाही आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाणी शिरतं. मिथाइल गट स्वतः तेलकट स्वभावाचा आहे, तरीही तो बसवल्यामुळं सेल्युलोज पाण्यात जायला लागतं, हे पहिल्यांदा कळलं की नवल वाटतं. पण त्यालाही मर्यादा आहे बरं का, इथाइल सेल्युलोजवर तेलकट गट इतके जास्त असतात की ते पाण्यात जातच नाही, ते अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवावं लागतं. डब्यावर फक्त 'सेल्युलोज' शब्द बघून सगळे सारखेच समजू नका.

सोल्यूशनमध्ये गेल्यावर पाणी साखळीपाशी दोन प्रकारे राहतं. उरलेल्या हायड्रॉक्सिलपाशी आणि ऑक्सिजनपाशी हायड्रोजन बंधानं जोडलेलं, आणि मिथाइल गटांभोवती एका ठराविक रचनेत जमलेलं. पहिल्या प्रकारचं काही पाणी इतकं जवळ धरलेलं असतं की डीएससी मशीनमध्ये (जे नमुना थंड-गरम करताना त्यात जाणारी-येणारी उष्णता मोजतं) शून्याच्या बऱ्याच खाली नेलं तरी ते गोठत नाही. दुसऱ्या प्रकारचं पाणी मात्र नाजूक असतं. उष्णता वाढली की ती रचना मोडते, मिथाइल गट उघडे पडतात आणि एकमेकांकडं सरकतात, साखळ्या ठिकठिकाणी जुळतात आणि सगळं सोल्यूशन जेल होतं. थंड केलं की परत पातळ. साखर-मिठाच्या सवयीनं आपल्याला वाटतं गरम पाण्यात जास्त विरघळणार, इथं एमसी आणि एचपीएमसीचं बरोबर उलटं आहे.

डबा उघडायच्या आधी लेबल वाचा

एचपीएमसीच्या नावापुढं २२०८, २९०६, २९१० असे आकडे असतात. पहिले दोन अंक म्हणजे मिथॉक्सीचं (बसवलेल्या मिथाइल गटांचं) साधारण टक्का प्रमाण, शेवटचे दोन अंक हायड्रॉक्सीप्रोपॉक्सीचं (प्रोपिलीन ऑक्साइडमधून आलेल्या गटांचं). २२०८ मध्ये मिथॉक्सी १९ ते २४ टक्के, २९१० मध्ये २८ ते ३० टक्के. मिथॉक्सी जितकं जास्त तितकं जेल होण्याचं तापमान खाली. दोन टक्के सोल्यूशनचं बघितलं तर एमसी साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअसला जेल होतं, २९१० साठच्या आसपास, आणि २२०८ सत्तर ते नव्वदच्या मध्ये कुठंतरी. मेथोसेलसारख्या ब्रँडच्या ग्रेडमध्ये के म्हणजे २२०८, ई म्हणजे २९१०, ए म्हणजे एमसी. के४एम म्हणजे दोन टक्क्यांचं सोल्यूशन २० अंशाला साधारण ४००० मिलिपास्कल-सेकंद (हे व्हिस्कॉसिटीचं एकक), के१००एम म्हणजे एक लाख, आणि ई५ म्हणजे फक्त पाच. टॅब्लेटच्या कोटिंगला ई५ लागतं, औषध हळूहळू सोडणाऱ्या टॅब्लेटला के४एम किंवा के१००एम. ई५ च्या जागी के१००एम उचललं तर स्टररच अडकून बसेल, म्हणून वजन करायच्या आधी लेबल मोठ्यानं वाचायची सवय लावा.

एचपीसी जेल होत नाही, ते ४० ते ४५ अंशाच्या वर सरळ पाण्यातून वेगळं पडतं, पाणी दुधाळ दिसतं. आपल्याकडं मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत बाटली ठेवली तर एवढं तापमान सहज गाठतं, तेव्हा घाबरून फेकून देऊ नका, थंड करून हलवा, परत विरघळतं.

आता प्रत्यक्ष: के४एमचं दोन टक्के, ५०० ग्रॅम

वजनापासून सुरू करू. ही भुकटी हवेतला ओलावा धरते. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या पुस्तकात, एचपीएमसीला पाच टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो आणि सीएमसीला दहापर्यंत. म्हणजे १० ग्रॅम भुकटी घेतली तर १० ग्रॅम पॉलिमर (म्हणजे खरा साखळ्यांचा पदार्थ) आलंच असं नाही. समजा लॉस ऑन ड्राइंग, म्हणजे सुकवल्यावर घटणारं वजन, चार टक्के आहे, तर १० भागिले ०.९६, म्हणजे १०.४२ ग्रॅम घ्यायचं आणि पाणी ४८९.५८ ग्रॅम. पावसाळ्यात डबा उघडा राहिला असेल तर जुना आकडा वापरू नका, परत काढा. एवढ्याशा फरकानं काय होतं असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की व्हिस्कॉसिटी टक्केवारीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, व्हिस्कॉसिटीचं आठवं मूळ साधारण सरळ रेषेत वाढतं. त्या हिशोबानं दोन टक्क्याला ४००० असणारं के४एम एक टक्क्याला अंदाजे १८० च्या आसपास येतं. टक्का निम्मा केला आणि व्हिस्कॉसिटी वीस-बावीस पटीनं उतरली, म्हणजे वजनात थोडी चूक झाली तरी रीडिंगमध्ये ती मोठी होऊन दिसते.

बीकर स्टररच्या दांड्यासकट आधी वजन करून घ्या आणि तो आकडा वहीत लिहा, शेवटी लागणार आहे.

मग एकूण पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे १५० ग्रॅम, ८५-९० अंशाला गरम करा. स्टरर असा लावा की मध्ये भोवरा दिसेल पण हवा आत खेचली जाणार नाही. आता भुकटी भोवऱ्याच्या कडेला चिमटीनं नाहीतर चाळणीतून हळूहळू सोडा, एकदम ओतू नका. या गरम पाण्यात एचपीएमसी विरघळत नाही, आणि आपल्याला तेच पाहिजे. प्रत्येक कण सुटा राहून नुसता ओला होतो. थंड पाण्यात तीच भुकटी टाकली असती तर कणांचा बाहेरचा थर लगेच विरघळून चिकट झाला असता, कण एकमेकांना चिकटले असते आणि त्या चिकट थराआड पाणी अडून राहिलं असतं. घरी पिठलं करताना बेसन गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात म्हणून थंड पाण्यात कालवून घेतो ना, इथं फक्त गरम-थंडाची अदलाबदल आहे, तत्त्व तेच, आधी कण सुटे ओले करायचे, मग घट्ट होऊ द्यायचं.

विश्वास बसत नसेल तर एकदा मुद्दाम थोडी भुकटी थंड पाण्यात ढिगानं टाका आणि तयार झालेला गोळा स्पॅच्युलानं मधोमध कापा. बाहेर काचेसारखा पारदर्शक जेलचा थर, आणि आत भुकटी अगदी कोरडी ठणठणीत, बोटाला लागली तर पीठ उडतं. तासभर स्टरर फिरला तरी ती कोरडी राहते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढं कोणी सांगायची गरज पडत नाही.

दहा मिनिटं गरम पाण्यात फिरू द्या, दुधाळ पातळ मिश्रण दिसेल, गोळे नसतील. आता हीटर बंद करून उरलेलं थंड पाणी घाला. इथं 'थंड' शब्दाकडं लक्ष द्या कारण मराठवाड्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थंड नसतंच. हिशोब करून बघा: १५० ग्रॅम तोवर निवून ८० अंशावर आलेलं आणि ३४० ग्रॅम टाकीतलं ३५ अंशाचं मिळून ४९ अंशाच्या जवळ जातं. फ्रीजमधलं पाच अंशाचं घातलं तर २८ च्या आसपास येतं. के४एमला तीसच्या खाली आलं की पाणी मनासारखं शिरायला लागतं, ई ग्रेडला २०-२५ पर्यंत न्यावं लागतं आणि एमसीला तर बर्फाच्या पाण्यात शून्य ते दहाच्या मध्ये ठेवल्याशिवाय ते पूर्ण विरघळत नाही. ४९ अंशाला एमसी जेलच्या उंबरठ्यावरच असतं, तिथं तासन्‌तास फिरवलं तरी व्हिस्कॉसिटी येणार नाही, आणि लोक मग म्हणतात मटेरियल खराब आलंय. मटेरियल चांगलं असतं, पाणी गरम असतं. म्हणून उन्हाळ्यात आदल्या दिवशीच पाणी फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर बर्फ डीआय (क्षारांचे आयन काढलेल्या) पाण्याचाच बनवून वजनात धरून वापरा.

थंड पाणी घातलं की मिश्रण बघता बघता पारदर्शक आणि घट्ट व्हायला लागतं. आता स्टररचा स्पीड कमी करा, अर्धा तास तरी फिरू द्या. बीकरचं वजन करा, गरम पाण्याची वाफ होऊन जेवढं कमी झालं असेल तेवढं पाणी भरा, मघाचा आकडा यासाठीच लिहिला होता. मग झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. रात्रभर ठेवल्यानं हवेचे बुडबुडे निघतात आणि राहिलेल्या कणांच्या आतपर्यंत पाणी पोचतं. घाई असली तरी एमसी आणि के१००एमला ही रात्र द्याच.

गरम पाणी वापरायचंच नसेल, म्हणजे त्यात उष्णता न सोसणारं औषध असेल वगैरे, तर भुकटी आधी पाच-आठ पट ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये कालवून ती सळसळीत पेस्ट पाण्यात सोडा. नाहीतर साखर किंवा लॅक्टोजसारख्या दुसऱ्या कोरड्या घटकात आधी नीट मिसळून घ्या, कण लांब लांब राहिले की गोळे होत नाहीत.

सीएमसीला ही युक्ती लावू नका

सीएमसी गरम आणि थंड दोन्ही पाण्यात विरघळतं, म्हणून गरम पाण्यात टाकलं तर बाहेरचा थर अजून लवकर चिकट होतो आणि गोळे जास्त होतात. इथं साधं थंड पाणी, चांगला भोवरा, आणि भुकटी अगदी सावकाश, किंवा ग्लिसरीनमध्ये कालवून. भोवरा दिसेनासा व्हायच्या आत सगळी भुकटी आत गेली पाहिजे, एकदा घट्ट झालं की नवीन भुकटी वरच तरंगत राहते.

सीएमसीचा खरा प्रश्न पाण्यातल्या क्षारांचा आहे आणि आपल्या भागात याच्याकडं लई लक्ष द्यावं लागतं. साखळीवर कार्बोक्झिलेटचे ऋण भार असतात, ते एकमेकांना दूर लोटतात म्हणून शुद्ध पाण्यात साखळी लांब ताणलेली राहते आणि थोड्याशा सीएमसीनंही चांगला घट्टपणा येतो. पाण्यात क्षार असले की ते भार झाकले जातात, साखळी आखडते, व्हिस्कॉसिटी पडते. कॅल्शियम, मॅग्नेशियम हे मिठापेक्षा जास्त त्रास देतात आणि लोह किंवा अॅल्युमिनियमचे तीन भाराचे आयन आले तर सरळ साका बसतो. बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठिणतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा सीएमसीला चालेलच असं नाही. एकाच डब्यातली भुकटी घ्या, एक बीकर बोअरच्या पाण्यात आणि एक आरओच्या पाण्यात करा, शेजारी शेजारी ठेवून काचेच्या दांडीनं उचलून धार बघा. फरक दिसतो.

फॉर्म्युल्यात मीठ असेलच तर क्रम पाळा: आधी सीएमसी शुद्ध पाण्यात पूर्ण विरघळवा, मग मीठ घाला. आधी मीठ असलेल्या पाण्यात सीएमसी टाकलं तर साखळी नीट उलगडतच नाही आणि तेवढ्याच मापात कमी घट्टपणा मिळतो. पीएच तीनच्या खाली नेलं तर कार्बोक्झिलेटवरचा भार जातो आणि सीएमसी पाण्यातून बाहेर पडायला लागतं, लिंबू-चिंचेच्या आंबट पेयात वापरणाऱ्या फूड टेकच्या पोरांनी हे ध्यानात ठेवा.

एचपीएमसीवर भार नसतो म्हणून पीएच तीन ते अकरापर्यंत त्याला फारसा फरक पडत नाही आणि जड पाण्याचाही कमी. पण सल्फेट आणि फॉस्फेट जास्त असले की तेच क्षार पाणी स्वतःकडं ओढतात, पॉलिमरला पाणी कमी पडतं आणि जेलचं तापमान खाली येतं. फॉस्फेट बफरमध्ये थेट एचपीएमसी विरघळवायच्या भानगडीत पडू नका, साध्या पाण्यात करून मग बफरचे क्षार घाला. अल्कोहोल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घातलं तर जेलचं तापमान वर सरकतं.

एचईसीबद्दल थोडक्यात. ते गरम-थंड दोन्हीत जातं, पण बऱ्याच ग्रेडवर ग्लायऑक्झालचा लेप असतो, त्यामुळं भुकटी पाण्यात छान पसरते आणि काही वेळ काहीच होत नाही. मटेरियल खोटं आहे असं समजू नका. भुकटी पूर्ण पसरल्यावर थेंबभर अल्कली घालून पीएच आठच्या थोडं वर नेलं की लेप सुटतो आणि घट्ट व्हायला लागतं. अल्कली आधीच घातली तर लेपाचा उपयोगच राहत नाही.

व्हिस्कॉसिटी मोजताना

रीडिंगसोबत तापमान, स्पिंडलचा (यंत्राच्या सॅम्पलमध्ये फिरणाऱ्या दांड्याचा) नंबर आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. ही सोल्यूशन्स ढवळली की पातळ होतात, साखळ्या फिरण्याच्या दिशेनं वळतात, आणि फिरणं थांबलं की परत घट्ट. म्हणून सहा आरपीएम आणि साठ आरपीएमला एकाच सॅम्पलचे वेगळे आकडे येतात, दोन्ही खरे असतात. लेबलवरचा आकडा २० अंशाचा आहे, आपल्या लॅबमध्ये दुपारी ३८ असेल तर रीडिंग कमीच येणार, बीकर २० अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवून सगळं सॅम्पल त्या तापमानाला आल्यावरच मोजा.

तरीही रीडिंग कमी आलं तर आधी ओलाव्याचा हिशोब बघा, मग थंड पुरेसं केलं होतं का ते, मग हाय स्पीड होमोजनायझर लावला होता का ते, कारण लांब साखळ्यांचे ग्रेड जोरदार घुसळण्यानं तुटू शकतात आणि तुटलेली साखळी परत जुळत नाही. सोल्यूशन जुनं असेल तर बुरशीचा संशय घ्या. बुरशी आणि जिवाणूंचे सेल्युलेज एन्झाइम साखळी कापतात, वरून काही दिसत नाही पण दर दिवशी आकडा उतरत जातो. अशा वेळी एन्झाइम राहून गेलेलं असतं म्हणून नुसतं प्रिझर्व्हेटिव्ह घालून ते सोल्यूशन वाचत नाही, नवीन बनवा, पाणी उकळून घेतलेलं वापरा आणि प्रिझर्व्हेटिव्ह पहिल्यापासून घाला.

काचेच्या प्लेटवर थेंब पसरवून उजेडाकडं धरलं की एखाददुसरा बारीक तंतू दिसतो, तो गोळा नाही. कारखान्यात गट सगळीकडं सारखे बसत नाहीत, जिथं बसले नाहीत तो सेल्युलोजचा तुकडा तसाच राहतो. डोळ्याच्या थेंबासारख्या कामाला गाळून घ्यावं लागतं, बाकी ठिकाणी चालतं.

भांडी धुताना एचपीएमसीला आणि एमसीला गरम पाणी लावू नका, भांड्याला जेल चिकटून बसतो, थंड पाण्यात भिजत ठेवा, आपोआप सुटतं. आणि भुकटी फरशीवर सांडली तर पहिल्यांदा ओलं फडकं घेऊ नका. पाणी लागलं की ती जागा इतकी निसरडी होते की माणूस सरळ पडतो, आणि पुसत राहिलं तर ती अजून पसरते. कोरड्या ब्रशनं नाहीतर व्हॅक्यूमनं सगळी उचला, तोंडाला मास्क लावा, आणि मगच राहिलेली जागा भरपूर थंड पाण्यानं धुवा.